‘ण’ बाणाचा आणि पेट्रोलचे झाकण

वाचकहो, आपल्या गाडीत पेट्रोल कोणत्या बाजूने भरतात, असे कुणी विचारले तर आपण हसतो. हा काय प्रश्न झाला! पण तीच गाडी दिराची असली, भाड्याची असली किंवा परवाच घरी आलेली असली, तर पंपापर्यंत आपण निश्चिंत असतो आणि पंपाशी पोहोचल्यावर एकदम मनात येते, अरे, हिचे झाकण डावीकडे की उजवीकडे? तोवर मागे चार गाड्या येऊन उभ्या राहिलेल्या असतात.

विषय लहान आहे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु या लहानशा विषयाने आम्हाला एकदा भर रांगेत चांगलाच धडा दिला आणि तो धडा आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून मिळाला. म्हणून या आठवड्यात तीच हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी पाण्यात वाहत जाताना आपण सर्वांनी पाहिल्या. तेव्हापासून वादळाची सूचना लागली की आपल्या बेटावर दोन ठिकाणी रांगा लागतात, एक पावाच्या दुकानापुढे आणि दुसरी पेट्रोल पंपावर. त्यानंतरच्या एका फेब्रुवारीत ‘क्लास टू’ची सूचना लागली. शाळा सुटल्या. मुले आनंदाने घरी गेली आणि आम्ही मात्र चिंतेत पडलो, कारण आमची आई कास्कावेलला एकटी राहते. वय झाले आहे, स्वयंपाकघरावर अजून जुने पत्रे आहेत. ‘क्लास थ्री’ लागायच्या आत तिला काटर बोर्नला आमच्या घरी आणणे भाग होते.

नेमकी आमची गाडी मेकॅनिककडे होती. दादाला फोन केला. तो म्हणाला, “माझी घेऊन जा, पण पेट्रोल टाक हं. सुई अगदी तळाला आहे.”

गाडी घेतली. सुई खरोखरच तळाला होती आणि तांबडा दिवा लागला होता. पाल्माच्या बाजूने बो सोंजवरून कास्कावेलला जायचे आणि आईला घेऊन पुन्हा चढ चढून वर यायचे. पेट्रोल भरल्याशिवाय निघण्यात अर्थ नव्हता. पंपावर गेलो तो रांग रस्त्यापर्यंत आलेली. वारा सुटला होता, पावसाच्या सरी मधूनच आडव्या येत होत्या. अर्ध्या तासाहून अधिक वेळ आम्ही गाडी थोडी थोडी पुढे सरकवीत होतो.

आमचा नंबर आला. आम्ही सवयीने गाडी पंपाच्या उजव्या अंगाला लावली, म्हणजे पंप आमच्या डाव्या हाताला आला. गेली दहा वर्षे आम्ही असेच करीत आलो आहोत, कारण आमच्या जपानी गाडीचे झाकण डावीकडे आहे. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला, गाडीच्या मागच्या अंगाकडे पाहून थबकला आणि त्याने हाताने खूण केली, दुसरी बाजू! दादाची गाडी युरोपीय बनावटीची, तिचे झाकण उजवीकडे.

आम्ही गडबडलो. झाकण तरी उघडून ठेवावे म्हणून बसायच्या जागेशेजारची कळ ओढली, तर मागची डिकी उघडली. डिकीत दादाच्या क्रिकेटच्या सामानावर पाऊस पडू लागला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तिच्या मागच्यानेही वाजवला. नळी गाडीवरून ओढून पलीकडे पोहोचते का ते पाहिले, पण ती चार बोटे कमीच पडली. शेवटी गाडी बाहेर काढून वळवून पलीकडच्या बाजूला लावावी लागली. पलीकडच्या रांगेतल्या एका भल्या गृहस्थांनी जागा दिली म्हणून बरे, नाही तर पुन्हा रस्त्यापासून सुरुवात करावी लागली असती.

पलीकडे पेट्रोल भरणारा मुलगा विशीतला होता. त्याने वाकून आत पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

“मिस! तुम्ही!”

आम्ही ओळखले. प्राथमिक शाळेत आमच्या मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, वहीपेक्षा खिडकीबाहेर अधिक लक्ष असणारा. नाव इथे लिहीत नाही, त्याला संकोच वाटेल. आम्ही त्याला म्हटले, “अरे बाळ, भावाची गाडी आहे. झाकण कुठल्या बाजूला आहे, ते माहीत नव्हतं.”

तो हसला. पेट्रोल भरता भरता त्याने खिडकीतून बोट आत घालून सुईकडे दाखवले आणि क्रेओलमध्ये म्हणाला की ते तर इथेच लिहिले आहे. आम्ही पाहिले. सुईजवळ पंपाचे छोटे चित्र होते, ते आम्हाला ठाऊक होते. पण त्या चित्राच्या शेजारी एक बारीकसा त्रिकोण होता, उजवीकडे टोक केलेला.

मग त्या मुलाने मराठीत, तेही वर्गात म्हणत तशा सुरात म्हटले, “बाण, मिस, बाण! ण बाणाचा!”

वाचकहो, आम्ही गाडीत बसल्या जागी लाजलो. ‘ण’ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही, म्हणून त्या अक्षरासाठी बाणाचे चित्र दाखवावे लागते. किती वर्षे आम्ही फळ्यावर तो बाण काढीत आलो आहोत आणि मुलांना सांगत आलो आहोत, आधी चित्र नीट पाहा, मग उत्तर द्या. आणि रोज आमच्या नाकासमोर असलेला बाण आम्ही दहा वर्षांत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून आमची गाडी आली तेव्हा आधी तेच पाहिले. होता. डावीकडे टोक केलेला.

आई त्या संध्याकाळी सुखरूप घरी आली. वादळही फार त्रास न देता बाजूने निघून गेले. रात्री जेवताना आम्ही ही फजिती सांगितली, तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या बैलगाडीला हा घोळ नव्हता. बैलाचं तोंड पुढेच असायचं.”

सगळे हसलो. पण आमच्या मनात प्रश्न राहिला. सगळ्या गाड्यांची झाकणे एकाच बाजूला का नसतात? आणि तो बाण तिथे कुणी ठेवला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कळले की पूर्वीच्या काळी तर याहून मोठा गोंधळ होता. १९०८ ते १९२७ या काळात निघालेली फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी घ्या. तिची टाकी बहुधा पुढच्या बैठकीच्या खाली असे. पेट्रोल भरायचे म्हणजे माणसांनी उठायचे, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचे. टाकीतले पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरत असे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला की ते इंजिनापर्यंत पोहोचत नसे आणि लोक गाडी उलटी करून मागच्या बाजूने चढ चढवीत. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचे इंजिन मागे आणि टाकी पुढे. १९६७ पर्यंतच्या बीटलमध्ये पेट्रोल भरण्यासाठी पुढचे झाकणच उघडावे लागे, जिथे इतर गाड्यांचे इंजिन असते. वडील मंडळींना आठवणाऱ्या जुन्या मिनीचे झाकण मागे डाव्या अंगाला होते. तिच्याच ‘कूपर एस’ या जोमदार भावंडाला पुढे दोन टाक्या आल्या आणि दोन्ही अंगांना झाकणे आली. जॅग्वारच्या जुन्या एक्सजे गाड्यांनाही अशीच दोन झाकणे असत. अशा गाडीची बाजू चुकत नसे, पण एक टाकी भरून दुसरी विसरण्याची सोय मात्र होती.

अमेरिकेत तर लपवाछपवीचा खेळच चाले. १९५७ च्या शेव्हरले गाडीचे झाकण मागच्या डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीआड दडवलेले होते. नवख्याने शोधून काढणे कठीण. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ अमेरिकन गाड्यांत ते मागच्या नंबर प्लेटच्या मागे असे. ही सोय चांगली होती, कारण पंपाच्या कोणत्याही बाजूला गाडी लावली तरी चाले. पण मागून धडक बसली तर पेट्रोल सांडून आग लागण्याचा धोका होता. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मागून बसणाऱ्या धडकेबाबत टाकीचे नियम कडक झाले. हळूहळू टाकी मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे, मागच्या बैठकीखाली सरकली आणि तिचे तोंड गाडीच्या अंगावर आले. अंगावर आले म्हणजे डावे की उजवे, हा प्रश्नही आला.

कोणती बाजू निवडायची याबद्दल सर्व जगाला लागू असा नियम नाही. कारखानदार आपापल्या सोयीने ठरवतात. एक विचार असा की झाकण पदपथाच्या बाजूला असावे, म्हणजे वाटेत पेट्रोल संपले आणि डब्यातून भरायची वेळ आली तर माणूस धावत्या गाड्यांच्या वाटेत उभा राहत नाही. जपानमध्ये आपल्यासारखेच डाव्या हाताने गाड्या चालतात, म्हणून तिथे पदपथ डावीकडे. जर्मनीत उजव्या हाताने चालतात, म्हणून तिथे उजवीकडे. त्यामुळे पुष्कळ जपानी गाड्यांचे झाकण डावे आणि पुष्कळ जर्मन गाड्यांचे उजवे असते. पण यावर विसंबू नये, अपवाद भरपूर आहेत. दुसरा विचार असा की झाकण चालकाच्या बाजूला असावे, म्हणजे त्याला उतरल्या उतरल्या ते हाताशी येते. शिवाय धूर सोडणारी नळी कोणत्या अंगाने जाते, टाकीचा आकार कसा आहे, तेही पाहावे लागते. आणि एकदा बाजू ठरली की पत्र्याचे साचे ठरतात. मग एखाद्या देशात सुकाणू डावीकडून उजवीकडे बदलून देतात, पण झाकण बहुधा जिथल्या तिथेच राहते.

आपल्या बेटावर हा गोंधळ अधिक का, ते यावरून ध्यानात येईल. जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या, युरोपच्या गाड्या, कोरियाच्या गाड्या, भारतात बनलेल्या गाड्या, सगळ्या आपल्याकडे एकाच रस्त्याने धावतात. एका घरात दोन गाड्या असल्या तर दोघींची तोंडे दोन दिशांना असू शकतात. त्यात एक फायदाही आहे. सगळ्यांची झाकणे एकाच बाजूला असती, तर पंपाची एक बाजू ओस पडली असती आणि दुसऱ्या बाजूची रांग दुप्पट झाली असती.

आता दुसरा प्रश्न, बाण कुणाचा?

जिम मॉयलन नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत फोर्ड कंपनीत काम करीत असत. १९८६ च्या एप्रिल महिन्यात ते कंपनीच्या सामायिक गाड्यांपैकी एक घेऊन बाहेर पडले होते. पाऊस कोसळत होता. पंपावर गेले, तर गाडी चुकीच्या बाजूला लागली होती. पावसात भिजले. इथपर्यंतची गोष्ट तुमची, आमची, सगळ्यांचीच आहे. आपण काय करतो? चरफडतो, घरी येऊन कपडे बदलतो आणि विसरून जातो. मॉयलन परत आले आणि त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिले. गाडीच्या सुईजवळ एक लहानसा बाण दाखवावा, म्हणजे झाकण कोणत्या बाजूला आहे ते चालकाला बसल्या जागी कळेल, अशी त्यांची सूचना होती. सोबत एक साधे चित्र काढले. सूचना वरिष्ठांना पटली आणि १९८९ च्या फोर्ड एस्कॉर्ट आणि मर्क्युरी ट्रेसर या गाड्यांत तो बाण आला. मग इतर कंपन्यांनीही तो उचलला. आज जगातल्या बहुतेक नव्या गाड्यांत तो असतो. ज्याने सुचवले त्याचे नाव मात्र पुढची कितीतरी वर्षे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

एका माणसाचे भिजणे आणि एक कागद, एवढ्यावर हे झाले. आमच्या शाळांमध्येही असे पुष्कळ असते. वर्गाच्या दाराची कडी उलटी बसवलेली असते, पाण्याचा नळ लहान मुलांच्या हाताला पोहोचत नाही, एखाद्या पाठातले चित्र मुलांना उमगत नाही. आम्ही शिक्षक मंडळी शिक्षकांच्या खोलीत बसून त्यावर वर्षानुवर्षे बोलतो. कागद मात्र कुणी लिहीत नाही. मॉयलन यांची गोष्ट वाचल्यावर आम्ही आमच्या नळाबद्दल चार ओळी लिहून मुख्याध्यापकांकडे दिल्या. नळ अजून उंचच आहे, पण आता ते कागदावर तरी आहे.

आता आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, अनोळखी गाडीत बसलात की निघण्यापूर्वीच सुईकडे पाहा. पंपाच्या चित्राजवळचा बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. पंपावर पोहोचल्यावर शोधायला बसू नका.

दुसरी, पुष्कळ लोक सांगतात की चित्रातल्या पंपाची नळी ज्या बाजूला, त्या बाजूला झाकण. हे खरे धरू नका. कधी जुळते, कधी जुळत नाही. बाण हीच खरी खूण. जुन्या गाडीत बाण नसेल तर सरळ उतरून पाहा, किंवा मालकाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही दादाला विचारले असते तर डिकीतले सामान कोरडे राहिले असते.

तिसरी, डावे-उजवे म्हणजे कुणाचे डावे-उजवे? आत बसून पुढे तोंड केल्यावर जे डावे, तेच गाडीचे डावे. गाडीच्या समोर उभे राहून पाहिले तर उलटे दिसते. घरातल्या वाहन शिकणाऱ्या मुलांना हे आधी सांगा.

चौथी, झाकण उघडण्याची कळ कुठे आहे तेही पाहून ठेवा. पुष्कळ जपानी गाड्यांत ती चालकाच्या आसनाजवळ असते आणि डिकीची कळ तिच्या शेजारीच असते. काही युरोपीय गाड्यांत कळच नसते, बाहेरून दाबले की झाकण उघडते. व्हॅन असेल आणि तिचा सरकता दरवाजा झाकणाच्याच बाजूला असेल, तर झाकण उघडे असताना तो दरवाजा बहुधा पूर्ण उघडत नाही. तो बिघडला असे समजून ओढाताण करू नका. आणि झाकण उघडले की आतली चिठ्ठी वाचा, पेट्रोल की डिझेल ते तिथे लिहिलेले असते. बाजू चुकली तर दहा मिनिटे जातात, इंधन चुकले तर इंजिन जाऊ शकते.

विजेच्या गाड्या आल्या म्हणजे हा प्रश्न मिटेल, असे कुणाला वाटत असेल तर तसे दिसत नाही. निसान लीफच्या जुन्या गाड्यांची वीज घेण्याची जागा पुढे नाकावर आहे, तर टेस्लाची मागे डाव्या दिव्यापाशी. आमच्या आईला हे सांगितले तर ती म्हणेल, बघ, शेवटी बैलासारखं तोंड पुढे आलंच.

वादळानंतर शाळा उघडली. दुसऱ्या इयत्तेत ‘ण’ शिकवायचा होता. आम्ही फळ्यावर नेहमीचा धनुष्यबाण काढला आणि त्याच्या शेजारी गाडीची सुई, पंपाचे चित्र आणि तो लहानसा त्रिकोण काढला. मुलांना सांगितले, घरी गेल्यावर आईबाबांच्या गाडीत बाण शोधा आणि उद्या वहीत काढून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या. कुणाचा बाण डावीकडे, कुणाचा उजवीकडे. एका मुलीने आजोबांच्या जुन्या गाडीचे चित्र काढून खाली लिहिले होते, ‘बाण नाही’. एका मुलाच्या घरी फक्त मोटारसायकल होती. त्याने टाकी काढली होती, वर मधोमध झाकण, आणि बाण सरळ वर आभाळाकडे. पुष्कळ घरांत आईबाबांनाही तो बाण तोवर माहीत नव्हता, असे मुलांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. काही घरांत त्या रात्री बाबांनी विचारले म्हणे, “याला मराठीत काय म्हणतात?”

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच पंपावर गेलो, या वेळी आपल्या गाडीने आणि बरोबर बाजूला. मुलगा कामावर होता. आम्ही त्याला मुलांच्या वह्यांची गोष्ट सांगितली. तो खूश झाला. म्हणाला, “मिस, मला बाकी अक्षरं आता नीट आठवत नाहीत. पुन्हा शिकता येतील का?”

आम्ही त्याला संध्याकाळच्या वर्गाची वेळ सांगितली. येत्या शनिवारपासून तो येणार आहे.